पंढरीची ओटी

काशीहून शिकून ठाण्याला परतलेल्या पंढरीने टेंभी नाक्यावरच्या नवरात्रातल्या नाटकात सुधारणा करायचं मनावर घेतलं. मिशा भादरून बाप्यांनी बायका होण्याचे दिवस स्वराज्याबरोबर संपले, असं त्याने कमिटीला बजावलं. नायिका खरीखुरी मुलगीच हवी, आणि तीही कळव्याची हेमाच. (वाचनालयात तिने एकदा भाषण केलं होतं. तेव्हापासून त्याला दुसरी मुलगी दिसतच नव्हती.)

हेमा तयार होती. पण तिच्या आजीचा, सखुबाईचा, निरोप आला, "आधी चांगल्या घरची एक तरी पोर त्या फळ्यांवर उभी राहू दे. मंग आमची धाडू."

अशी पोर काही ठाण्यात मिळेना. शेवटी कमिटीतला गुणाजी म्हणाला, "पंढरीशेठ, सुधारणा तुमची, तर लुगडंही तुम्हीच नेसा."

पंढरीची मिशी गेली.

पहिल्या अंकात त्याने डोक्यावरचा पदर सावरला आणि अख्ख्या मांडवाने श्वास रोखला. पंढरीच्या अंगावर काटा आला. चार हात कापडात एवढी जादू असते, हे काशीत त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या अंकात नायिका पुरुषवेष घेऊन प्रियकराला शोधायला निघते. पंढरीने विंगेत आपलंच धोतर, आपलाच कोट चढवला, तोच पहिला अंक बघून सखुबाई नारळ आणि खण घेऊन आत आली. तिने पंढरीला कधी पाहिलेलं नव्हतं.

"बस गो पोरी, ओटी भरते."

"आजी, मी मुलगी नाही. पुरुष आहे."

"ते बाहेरच्यांना सांग."

"देवीशपथ. हा कोटसुद्धा माझाच आहे."

"खांद्यात केवढा ढगळ होतोय, ते दिसतंय की. मिशीचा पत्ता नाय, न् म्हणे पुरुष." मग ती हळूच म्हणाली, "माझा गळा गोड होता गो. पण मला कुणी उभं केलं नाय. आता हेमाला धाडते."

पंढरीने कोटाची टोकं पसरून ओटी घेतली.

पुढच्या नवरात्रात हेमा रंगमंचावर आली, आणि तिने तोंड उघडायच्या आधीच मांडव चिडीचूप झाला. नायक पंढरी होता, नवी भरघोस मिशी राखलेला. तोही आपलं वाक्य विसरून भारावल्यासारखा तिच्याकडे बघत राहिला.

पहिल्या रांगेत सखुबाई डोळे पुसत गुणाजीकडे वळली.

"माझी पोर झकास करते रे. पण नायकाच्या कामाला एखादा बाप्या नाय गावला? गेल्या साली ओटी भरली तीच पोर पुन्हा उभी केलीत. तिला मिशी जरासुद्धा शोभत नाय."