टेलरमास्तरांची पेरूच्या झाडापर्यंत लोहमार्गी स्वारी

ऐकणारांचे चित्त स्वस्थ असो. राजमान्य राजश्री टेलरमास्तर, वय वर्षे सदुसष्ट, चाळीस वर्षे कात्री चालवून दुकान मिटवून बसलेले, यांनी आपल्या परसात माणूस बसून जाईल ऐसी आगगाडी कैसी उभारिली, त्याची ही हकिकत. खुद्द मास्तरांनीच सांगितली, सबब त्यांची फजिती कोठे झाकली नाही.

कारण ऐसे जाहले जे, मास्तरांचे कुटुंब बाईसाहेब यांचा उजवा गुडघा फितूर जाहला आणि परसाच्या टोकास पेरूचे झाड, त्याखाली बाईसाहेबांची दुपारची बैठक, तो मुलूख आठ महिने हातचा गेला. मग कन्येने फर्मान धाडिले की, महिनाअखेरच्या रविवारी चाकांची खुर्ची घेऊन येते, आईने मुकाट्याने बसावे. बाईसाहेबांचा जबाब गेला की, ढकलत न्यावे इतकी मी म्हातारी नव्हे, खुर्ची आली तर परसाचे तोंड पाहणार नाही. हा मजकूर ऐकोन मास्तरांनी आगगाडीचा विडा उचलिला.

मग शेजारचे फिटर यांस मसलतीस बोलाविले. फिटरांनी बॅटरीच्या मोडक्या स्कूटरची मोटर काढून इंजिन सिद्ध केले, मागे गादीचा डबा जोडिला, लोखंडी पट्ट्यांचे रूळ कापिले आणि ते फळ्यांवर ठोकण्याची कामगिरी मास्तरांस दिली. येथे घात जाहला. मास्तरांनी उभ्या जन्मात अर्धा इंच माया आत सोडल्याविना कापड शिवले नव्हते, गिऱ्हाईक पुढे सुटले तर उसवून सैल करता यावे म्हणून. तीच माया त्यांनी दोन रुळांमधील अंतरात जादा सोडिली आणि आपल्या दूरदृष्टीवर खूष होऊन मिशीस पीळ भरिला. मग चाचणीस वाळूचे पोते स्वार करून गाडी सोडिली, तो पहिल्याच वळणास चाके रुळांच्या मध्ये उतरली आणि गाडी पोत्यासह वाळत घातलेल्या चादरींवर चालून गेली. चार चादरी कामी आल्या.

फिटर गरजले, "मास्तर, रूळ आहेत हे, पँट नाही! उद्या काय गाडीचं पोट सुटणार आहे?"

मग त्यांचा कापडी टेप जप्त होऊन पोलादी टेप हाती आला आणि तीन दिवस ओणवे होऊन त्यांनी आपलेच काम उसविले.

रविवार उगवला. बाईसाहेब डब्यातील गादीवर आरूढ जाहल्या, मास्तर पुढे इंजिनावर बसले आणि स्वारी मुंगीच्या पावलाने निघाली. वळण सर जाहले. मग चढ लागला आणि मोटरीने कण्हून प्राण सोडिला, पेरू अवघा वीस हात दूर. मास्तर पायउतार जाहले आणि मागे जाऊन कंबर कसून गाडी ढकलू लागले. इतक्यात कन्या खुर्ची घेऊन परसदारी दाखल जाहली आणि पाहते तो आई चाकांवर बसली आहे आणि बाबा मागून ढकलताहेत.

"अगं आई, मग ही खुर्ची काय वाईट होती?"

बाईसाहेबांनी मान वळविली नाही. "गप्प बस. ही आगगाडी आहे," म्हणाल्या, आणि मागे हुकूम सोडिला, "अहो, शिटी द्या."

मास्तरांस धाप लागली होती, घाम डोळ्यांत उतरला होता, तरी त्यांनी तोंडाने शिटी दिली, आणि एक कमी पडेल म्हणून आणखी एक दिली.

येणेप्रमाणे पेरूचा मुलूख फत्ते जाहला. तो आगगाडीने फत्ते जाहला ऐसे दप्तरी लिहावे, ढकलल्याचे लिहू नये, ही बाईसाहेबांची आज्ञा. आणि कन्येने खाली सही केली.