ताट ठेवून उठायचं

इटलीला जाण्याआधीच डोमाजी गजभियेने भरवेलीच्या खाणीत जाहीर करून टाकलं होतं, की तिथल्या हॉटेलात आपण खुर्चीवर बसून जेवणार आणि जेवण झालं की ताट जागेवर ठेवून, मागे न बघता उठणार! परदेशी जाणारे लोक घड्याळ आणीन म्हणतात, कॅमेरा आणीन म्हणतात. याची आपली एवढीच प्रतिज्ञा. ऐकणारे हसले. जे हसले नाहीत, ते डोमाजीच्याच मोहल्ल्यातले होते.

खाणीजवळच बालाघाटच्या बसस्टँडवर दुलीचंदचं हॉटेल होतं. या मोहल्ल्यातल्या माणसांचे कप तिथे पूर्वी बाहेर खिळ्याला वेगळे टांगलेले असत. पुढे कायदा आला, तेव्हा दुलीचंदने खिळे उपटले, कप आत घेतले, बाकावर बसूही दिलं. पण चहा झाला की कप आपला आपण नळावर धुवायचा, ही रीत तेवढी राहून गेली. तसं कोणी सांगत नसे, कारण सांगावं लागतच नसे. डोमाजी छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आला आणि त्याने त्या हॉटेलात पाय ठेवणंच सोडलं. त्याला आता दहा वर्षं झाली होती. कप धुवायचा प्रश्न सुटला, पण हॉटेलात उष्टं ताट ठेवून उठायचा प्रसंग काही जन्मात आला नाही.

तो अचानक आला. माणसं खाणीत उतरवणाऱ्या पिंजऱ्यासाठी कंपनीने इटलीचं यंत्र घेतलं. पिंजऱ्याच्या तारदोराचा मिस्त्री म्हणून डोमाजीसारखा हात जिल्ह्यात नव्हता. नुसता पंजा फिरवून तो दोराच्या आतली कोणती तार तुटायला आली ते सांगायचा. साहेबाबरोबर तीन महिने शिकायला त्यालाही पाठवायचं ठरलं.

“मले काही आणू नका,” निघताना त्याची बायको अंजना म्हणाली. “फक्त ते ताट ठेवून उठा.”

“त्यात काय हाय? उठीन ना.”

“तुमचा हात मले माहीत हाय. घरीबी जेवल्याबरोबर ताट घेऊनच उठता. आल्यावर मले खरंखरं सांगजा.”

यंत्र बनवणाऱ्या इटलीतल्या कारखान्यात दोन महिने गेले तरी प्रतिज्ञा तशीच होती. तिथल्या जेवणघरात मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळेच आपापली थाळी उचलून उष्ट्या भांड्यांच्या खिडकीशी नेत. डोमाजीला ते पाहून फार बरं वाटलं, पण त्याच्या कामाचं ते नव्हतं. ज्या ठिकाणी दुसरे ताट ठेवून उठतात, तिथे आपणही ठेवून उठायला हवं होतं.

शेवटी एका रविवारी बत्तिस्ता त्याला बेर्गामो शहर दाखवायला घेऊन गेला. बत्तिस्ता कारखान्यातला फोरमन. मोठ्या लढाईत इंग्रजांच्या हाती सापडून तो पाच वर्षं भोपाळजवळच्या छावणीत कैदी होता. त्याला हिंदी येई, पण ती पहारेकऱ्यांची. ‘लाइन में आओ’ म्हणजे त्याच्या भाषेत ‘या, बसा’.

जुनं शहर डोंगरावर होतं आणि वर जायला दोराने ओढला जाणारा डबा होता. डोमाजीने अर्धा तास तो दोरच पाहिला. मग त्याने काही शतकांपूर्वीचा दगडी कोट पाहिला, घंटेचा उंच मनोरा पाहिला, चौकातल्या कारंज्याचे सिंह पाहिले. तो गप्प होता. शहर पाहून पाहुणा थक्क झाला, असं बत्तिस्ताला वाटलं. पाहुणा मनातल्या मनात खुर्चीवरून उठायचा सराव करत होता.

दुपारी बत्तिस्ताने त्याला एका हॉटेलात बसवलं. हॉटेल तेरेझा नावाच्या जाडजूड, हसऱ्या बाईचं होतं. “हम मौसी को देखके आता. तुम खाओ,” म्हणून बत्तिस्ता जवळच राहणाऱ्या मावशीकडे गेला.

टेबलावर पांढरी चादर होती. तेरेझाने प्लेट आणून ठेवली आणि डोमाजी बघतच राहिला. प्लेटमध्ये मक्याच्या पिठाचा शिजवलेला पिवळाधमक घाटा होता आणि वर सशाचा रस्सा! सात समुद्र ओलांडून आलो आणि पुढ्यात काय, तर घरचाच घाटा! त्याने तो बोटांनी पुसून खाल्ला. प्लेट लख्ख झाली.

आता उठायचं. त्याने हातांना बजावलं, गप बसा. तो उठला, ताठ मानेने चार पावलं चालला, आणि समोरच्या आरशात त्याला दिसलं की एक काळासावळा माणूस हातात प्लेट घेऊन निघाला आहे.

तेरेझानेही ते पाहिलं. गिऱ्हाईक रिकामी प्लेट घेऊन स्वयंपाकघराकडे येतं म्हणजे बिचारं अर्धपोटी आहे! तिने प्लेट काठोकाठ भरली. अन्न टाकणं डोमाजीला ठाऊक नव्हतं. तो परत बसला आणि त्याने ते सगळं खाल्लं.

दुसऱ्या खेपेला प्लेट हातात आहे हे त्याला दोनच पावलांवर कळलं. तो वळून ती टेबलावर ठेवणार, तोच तेरेझाने त्याचा दंड धरून त्याला खाली बसवलं आणि पुन्हा वाढलं. आता तिला त्याची काळजीच वाटू लागली होती. या माणसाच्या देशात काय दुष्काळ आहे, असं ती शेजारच्या टेबलावर बोलली असावी, कारण तिथल्या म्हातारीने आपला पाव त्याच्याकडे सरकवला.

तिसऱ्या खेपेला डोमाजीच्या पोटात जागा नव्हती आणि डोक्यातही. झालं एकदाचं जेवण, हे बाईला कळावं कसं? तो सरळ आत गेला, नळ सोडला आणि प्लेट धुवायला लागला.

तेरेझा किंचाळली. गिऱ्हाइकाने प्लेट धुतली म्हणजे प्लेट घाण होती! तिचा नवरा धावत आला. त्याने बायकोला झापलं, बायकोने मोलकरणीला झापलं, मोलकरणीने रागाने सगळ्या प्लेटा उजेडात धरून दाखवायला सुरुवात केली. बाहेर जेवणारे आपापल्या प्लेटा उलट्या करून पाहू लागले. तेरेझाच्या डोळ्यांत पाणी आलं. डोमाजी साबणाचे हात जोडून मध्ये उभा.

तेवढ्यात बत्तिस्ता आला. “क्या हुआ?”

“प्लेट साफ थी, इनको बोलो,” डोमाजी म्हणाला. “गलती मेरे हाथ की है. हमारे यहाँ हमारे लोगों को हॉटेल में अपना बर्तन खुद धोना पड़ता है. आदत हो गई.”

बत्तिस्ताने मान डोलावली. “हम भी धोया. पाँच साल. कैदी सब धोता है.” मग त्याने अगदी आपुलकीने विचारलं, “तुम कितना साल जेल में था?”

मी कशाला जेलमध्ये जातोय, असं म्हणायला डोमाजीने तोंड उघडलं. पण त्याला त्याचा बाप आठवला, बाहेर उभं राहून चहा पिणारा. आजाला तर तेवढाही मिळाला नव्हता. बत्तिस्ता लढाईत सापडला म्हणून कैदी झाला आणि लढाई संपली तेव्हा सुटला. आपण कोणत्या लढाईत सापडलो होतो?

“जनम से,” डोमाजी म्हणाला.

बत्तिस्ताने तेरेझाला काय सांगितलं कोण जाणे. तिने डोळे पुसले, त्याच्या हातातली प्लेट काढून घेतली, त्याला हाताला धरून टेबलाशी बसवलं आणि एका घासापुरता घाटा वाढला. डोमाजीने तो घास खाल्ला. दोन्ही हात पाठीमागे घेऊन, एका हाताने दुसऱ्याचं मनगट गच्च धरून तो उठला आणि दारापर्यंत चालत गेला. प्लेट टेबलावर राहिली. बाहेर आल्यावर त्याला फार आनंद झाला. आणि एवढ्याशा गोष्टीचा आपल्याला एवढा आनंद व्हावा, याचा त्याहून जास्त राग आला.

घरी आल्यावर त्याने अंजनाला सगळं खरं सांगितलं. ती हसेल असं त्याला वाटलं होतं.

“चौथ्या खेपेले जमलं म्हणता?”

“हौ.”

“मंग चाला दुलीचंदकडे. मलेबी चहा पाजा.”

दहा वर्षांनी डोमाजीने त्या हॉटेलात पाय ठेवला. दुलीचंदने “अरे, इटली से कब आए?” म्हणत दोघांना बाकावर बसवलं. माणसं जमली. डोमाजी मनोरा सांगू लागला, दोराचा डबा सांगू लागला. बोलता बोलता, आपण शिकून आलो आहोत, तेव्हा उठताना अंजनाला कप तिथेच ठेवायची खूण करावी, असं त्याने ठरवलं. पण तिने चहा संपवला, कप टेबलावर ठेवला, पदर सारखा केला आणि ती चालत रस्त्यावर गेली. दुलीचंदने कपाकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं, तिच्या पाठीकडे पाहिलं. डोमाजी घाईघाईने उठून तिच्यामागे निघाला.

“हात पाहा तुमचा,” रस्त्यावरून अंजना म्हणाली. “कप ठेवून या.”

डोमाजी परत फिरला. त्याने उष्टा कप दुलीचंदच्या समोर, त्याच्या डोळ्यांत पाहत ठेवला आणि बाहेर आला. इटली न बघितलेल्या बायकोला हे पहिल्याच खेपेला कसं जमलं, ते मात्र त्याला कोणी शिकवू शकलं नाही.