तिसरा हात

रविवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माझ्या सासूबाईंना फोटोत तिसरा हात सापडला.

फोटो मी केला होता. सासू-सासऱ्यांच्या लग्नाला येत्या शनिवारी चाळीस वर्षं होतात. साठ पाहुणे, हॉल ठरलेला. दारात सहा फुटी कोलाज लावायचा: चाळीस वर्षं, चाळीस चौकटी, प्रत्येकीत दोघांचा एक फोटो. मेहुणा एखाद्या स्टुडिओला काम देणार होता. मी त्याला अडवलं. एकोणीस वर्षं मी वर्तमानपत्राची पानं लावतोय. मंत्र्यांच्या मागून डोकावणारी डोकी काढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. म्हटलं, "स्टुडिओ कशाला? दोन मिनिटांचं काम आहे."

एकोणचाळीस चौकटी भरल्या. अकराव्या वर्षाचा दोघांचा फोटोच मिळेना.

"राहू दे रिकामी," बायको म्हणाली. "नाहीतर आईला विचार."

रिकामी! आमच्याकडे पानात दोन इंच जागा उरली तर हरवलेल्या पोपटाची बातमी टाकतात, पण जागा सोडत नाहीत. सासऱ्यांच्या खणात त्याच वर्षाचा एक फोटो होता, तळ्याच्या कठड्याशी ते एकटेच उभे असलेला. दुसऱ्या एका फोटोतून दोन्ही हातांत पर्स धरलेल्या सासूबाई मी अलगद कापल्या आणि सासऱ्यांच्या शेजारी उभ्या केल्या. सावलीसुद्धा दिली. सासूबाई त्यांच्या खांद्यामागे नीट बसाव्यात म्हणून सासऱ्यांभोवतीची कड मात्र सॉफ्टवेअरला आखायला सांगितली. त्याने इमानेइतबारे त्यांच्या खांद्यावरचा हातही त्यांचाच समजून ठेवला. मी तो पाहिला नाही. मी सावली बघत होतो.

रविवारी सासरच्या टीव्हीवर कोलाज लावला. करंगळी वाकडी ठेवून कप धरायची सासूबाईंची सवय आहे. लहानपणी ती दारात चेंगरली होती. तो कप अर्ध्यावर थांबला.

"जावईबापू, हे अकरावं वर्ष ना? त्या वर्षी मी सात महिने बहिणीकडे होते. यांच्याशी बोलत नव्हते. मग तळ्यावर हसत उभी आहे ती कोण?"

"तुम्हीच," मी म्हणालो.

"माझे दोन्ही हात पर्सवर आहेत. यांच्या खांद्यावर आहे तो कुणाचा?"

मेहुणा पुढे वाकला. "भाऊजी, आईला जादा हात दिलात होय? कामं खूप असतात तिला, बरं झालं."

"तू गप्प बस," बायको म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "विचार म्हटलं होतं ना?"

मी सगळं कबूल केलं. फोटो जुळवलेला आहे, तुम्हाला दुसरीकडून आणून बसवलंय. मला वाटलं, मिटलं.

"मला बसवलंत," सासूबाई म्हणाल्या. "मग उठवलंत कुणाला?"

कुणालाच नाही, हे मी चार वेळा सांगितलं. दर खेपेला ते आदल्यापेक्षा खोटं वाटलं.

"अहो, तुम्ही तरी बोला."

सासरे टीव्हीकडे बघत राहिले. चाळीस वर्षांत मिळवलेलं सगळं शहाणपण त्यांनी त्या गप्प बसण्यात ओतलं.

"ठीक आहे. हा हात कुणाचा ते कळल्याशिवाय मी हॉलवर पाऊल ठेवणार नाही. साठ पाहुण्यांना जावईबापू तोंड देतील."

तेव्हा सासरे उठले. खणातून मूळ फोटो आणून त्यांनी सासूबाईंच्या मांडीवर ठेवला. डावी कड वेडीवाकडी होती. सॉफ्टवेअरची नव्हे, कात्रीची.

"चष्मा लाव. करंगळी बघ."

सासूबाईंनी चष्मा लावला. खांद्यावरच्या हाताची करंगळी वाकडी होती. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे.

"हे मी कापलं?"

"बहिणीकडे निघालीस त्या सकाळी. स्वतःला कापून घेऊन गेलीस. रागात हात राहिला."

"मग टाकून का नाही दिला?"

"हात होता ना त्यावर," सासरे म्हणाले आणि चहा गार झाल्याची तक्रार करत आत गेले.

सासूबाईंनी फोटोतल्या करंगळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "भांडण कशावरून होतं हो?"

"तू सांग," आतून आवाज आला. "गेली होतीस तू."

इथून त्या भांडणाचा दुसरा भाग सुरू झाला. सोमवारी तो चालू होता. मंगळवारी सासूबाई कपाटं उपसून स्वतःचा कापलेला तुकडा शोधू लागल्या. तो सापडलेला नाही. हॉलवर येणार का, हे त्या सांगत नाहीत. मला एवढंच बजावलं आहे: "तिन्ही हात माझे आहेत, एकालाही धक्का लावायचा नाही."

आज गुरुवार. फाइल छापणाऱ्याकडे गेली. चार वाजून वीस मिनिटांनी त्याचा फोन आला.

"साहेब, अकराव्या चौकटीत एक हात जास्त आलाय. काढून टाकतो."

मी त्याला हात लावू नको म्हणून सांगितलं. त्याला वाटलं, मला त्याच्या कष्टाचा संकोच वाटतोय.

"अहो, त्रास कसला? दोन मिनिटांचं काम आहे," असं म्हणून त्याने फोन ठेवला. तेव्हापासून तो उचलत नाही.