रांगेचं उजवं

रविवारी सकाळी दहापर्यंत गाडी स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर फाटकाबाहेर गेली नाही, तर भंगारवाला ती उचलून नेईल, असे इमारतीच्या सेक्रेटरींनी टेलरकाकांना लेखी कळवले होते. 'ढकलत नेलेली चालणार नाही' या वाक्याखाली लाल रेघ होती. सेक्रेटरी तसे वाईट नव्हते. त्यांना फक्त नियम आवडत, आणि नियमांना बहुधा तेवढे एकटेच आवडत असावेत.

गाडी काकांच्या सासऱ्यांची. ते गेल्यावर ती अंगणाच्या कोपऱ्यात आली आणि बावीस वर्षे ताडपत्रीखाली गंजत राहिली. काकांची बायको शाळेत पीटी शिकवायची, म्हणून सगळे तिला बाईच म्हणत. लग्नाआधी ती याच गाडीवर चालवायला शिकली होती, वडिलांना शेजारी बसवून. दोन वर्षांपूर्वी एकदा वाऱ्याने ताडपत्री उडाली, तेव्हा बाई गाडीच्या दारावर हात ठेवून म्हणाल्या, "एकदा तरी परत चालवायला हवी होती." एवढे बोलून त्या आत भांडी घासायला गेल्या. काकांनी दुसऱ्या दिवसापासून नवे कपडे शिवायला घेणे बंद केले.

काकांना गाडीतले ओ की ठो कळत नव्हते. कापड मात्र कळत होते, म्हणून त्यांनी गाडीला कापडच समजायचे ठरवले. कुजलेल्या पत्र्यावर खडूने रेघ मारायची, कागद कापून माप घ्यायचे आणि त्या मापाचा नवा पत्रा रिव्हेट मारून बसवायचा. कोपऱ्यावरचा मेकॅनिक हसायला म्हणून आला आणि रिव्हेटांच्या ओळीवरून बोट फिरवत राहिला. "काका, हे तर टाके आहेत," तो म्हणाला. साठी उलटलेला माणूस पत्र्याला शिलाई मारत होता, आणि ती कुठेही चुणली नव्हती. अशा माणसाचे कौतुक करायला काही वेगळे बोलावे लागत नाही, नुसते शेजारी उभे राहिले तरी पुरते.

सुटी केलेली प्रत्येक वस्तू आणि वायर यांना कापडाची चिठ्ठी टाचायची, ही काकांची पद्धत. त्यांचे हात ग्रीसने माखलेले असत, म्हणून चिठ्ठ्या बाई लिहीत. 'स्पार्क प्लगची वायर, एक.' 'मागच्या दिव्याची वायर, डावी.' अक्षर इतके वळणदार की चुकायला जागाच नव्हती.

रविवारी साडेनऊला काकांनी चावी फिरवली. इंजिन खोकले, घुसमटले आणि मागच्या नळीतून असा बार उडाला की दोन मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या. मागे उभ्या असलेल्या सेक्रेटरींची पांढरी पँट गुडघ्यापर्यंत काळी झाली.

"टेरिकॉट आहे, निघेल," काका आतूनच म्हणाले.

दुसऱ्या बारात उरलेली पँट गेली. मेकॅनिकने बॅटरी पाहिली, पेट्रोल पाहिले आणि मान हलवली. "सगळं ठीक आहे हो. पण ठिणगी भलत्याच वेळी पडतेय." फाटकाशी भंगारवाल्याचा टेम्पो येऊन उभा राहिला होता. सेक्रेटरी दर मिनिटाला घड्याळ बघत होते.

तेवढ्यात बाई चहा घेऊन आल्या. गाडीच्या उजव्या अंगाला उभ्या राहून त्यांनी उघड्या इंजिनात डोकावले.

"अहो, एक नंबरची वायर पुढे का लावलीत?"

"मग कुठे लावू? पहिलं बटण गळ्यापाशीच असतं."

"गळा कुठून आला इथे?"

"गाडीचं पुढचं टोक म्हणजे गळाच की."

"रांग उजवीकडून मोजतात," बाई म्हणाल्या. "चार प्लग रांगेत उभे आहेत. उजवीकडचा एक नंबर."

काका त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी स्वतःचा उजवा हात वर करून खात्री केली. "अगं, मग उजवीकडचा हा पुढचाच झाला ना?"

"ते तुमचं उजवं. रांगेचं उजवं मागे आहे. रांग माझ्याकडे तोंड करून उभी असते. तीस वर्षं मी 'उजवा हात वर' म्हणताना डावा वर करत आलेय."

काकांनी चारही वायरी उलट्या क्रमाने लावल्या. दहाला चार मिनिटे कमी असताना चावी फिरली आणि इंजिन चालू झाले. शिलाई मशीन नीट तेल दिल्यावर चालते, तसे एका लयीत. मेकॅनिकने टोपी काढली. भंगारवाल्यानेसुद्धा टाळी वाजवली.

"आता काढा बाहेर," सेक्रेटरी म्हणाले.

काका उतरले. "मला कुठे येते चालवायला?"

"मग दोन वर्षं हे सगळं कशासाठी?"

"मी चाळीस वर्षं मुलींचे फ्रॉक शिवले," काका म्हणाले. "एखादा तरी घातला का?" आणि त्यांनी चालकाच्या बाजूचे दार बाईंसाठी उघडून धरले.

बाईंचा चहाचा ट्रे हातातच राहिला. सेक्रेटरींना मात्र नियम आठवला. "लायसन्स आहे का?"

बाईंनी ट्रे त्यांच्याच हातात दिला, घरात जाऊन पर्स आणली आणि लायसन्स काढून दाखवले. ते चालू होते. गाडी नसताना, कोणाला न सांगता, त्या दर वेळी ते नवे करून आणत होत्या. काकांना हे पहिल्यांदाच कळले. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, तो आणखीच ग्रीसने माखला, तरी तसाच लावला.

"बसा शेजारी," बाई म्हणाल्या. "बाबा बसायचे तिथे."

गाडी हलली. फाटकापाशी बाईंनी डावा सिग्नल दिला आणि सफाईने डावीकडे वळल्या. मागून सेक्रेटरी ट्रे सांभाळत धावत आले. "अहो, डावीकडे वळताय आणि मागे उजवा दिवा लागलाय!"

काकांनी खिडकीतून डोके बाहेर काढून दिव्याकडे पाहिले. मग बायकोकडे पाहिले. ती पुढे बघत हसत होती, आणि तिला आता थांबवणे त्यांच्या जिवावर आले.

"ते रांगेचं डावं आहे!" ते ओरडले.

सेक्रेटरींनी ट्रे खाली ठेवला. ते गाडीकडे तोंड करून उभे राहिले, मग पाठ करून उभे राहिले, आळीपाळीने दोन्ही हात वर करून पाहिले. शेवटी त्यांनी वही काढली आणि 'गाडी स्वतःच्या जोरावर बाहेर गेली' एवढेच लिहिले.