चालू महिन्यातला पहिला गुन्हा

"तुमच्या बाजारात गुन्हेच होत नाहीत," मॅडम व्यापारी संघटनेच्या अध्यक्षांना म्हणाल्या.

कोणत्या भागाला पोलीस चौकी द्यायची, हे पोलिसांच्या मुख्य कार्यालयात बसून या मॅडम ठरवत. व्यापारी संघटनेने त्यांच्या कार्यालयाचे उंबरे झिजवून त्यांना एकदाचं बाजारात आणलं होतं. बैठक अध्यक्षांच्याच बॅगांच्या दुकानात होती. अध्यक्ष नवा शर्ट घालून आले होते आणि त्याची कॉलर त्यांना सकाळपासून काचत होती.

"गुन्हे नाहीत कसे, मॅडम? या ताईंचा हात बघा!"

कोपऱ्यातल्या स्टुलावर शिलाईवाल्या ताई बसल्या होत्या. उजवा हात प्लास्टरमध्ये. गल्ला घेऊन पळणाऱ्या चोराने त्यांना ढकललं होतं. तेव्हापासून दुकानात कुणी पटकन शिरलं तरी त्या दचकत. चौकी आली नाही तर दुकान बंद करून भावाकडे जाते, असं त्यांनी सांगून टाकलं होतं.

"ती नोंद 'पाय घसरून पडल्या' अशी आहे," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "चोराला कुणी पाहिलं नाही. चालू महिन्यात या बाजारातून एकही गुन्हा नोंदलेला नाही. एक जरी असता तरी मी काही करू शकले असते."

अध्यक्षांनी घाम पुसला. आता हुकमाचं पान काढायलाच हवं होतं. संघटनेने सगळ्यांसाठी एक नवीन यंत्रणा पसंत केली होती. बटण दाबलं की भोंगा वाजतो, शटर खाली येतं आणि चोर आत अडकतो. मग ते फक्त बाहेरून, रिमोटनेच उघडतं.

"प्रात्यक्षिक दाखवतो," अध्यक्ष म्हणाले. "भोंगा ऐकून पोलिस यायला किती वेळ लागतो, ते तुम्हीच बघा."

रिमोट सचिवांकडे होता. त्यांचं समोर औषधांचं दुकान होतं, आणि डॉक्टरने लिहिलेली गोळी सोडून दुसरी त्यांनी जन्मात कुणाला दिली नव्हती. अध्यक्षांनी त्यांना आदल्या दिवशीच बजावलं होतं, "पोलिस येईपर्यंत शटर उघडायचं नाही. आतून कुणी ठोकलं तरी नाही. फोन आला तरी उचलायचा नाही. चोर काय फोन करू देणार आहे?"

अध्यक्षांनी बटण दाबलं. भोंगा असा काही बोंबलला की मॅडमनी दोन्ही कानांवर हात ठेवले. शटर धाडकन खाली आलं. बाहेर जमलेल्या दुकानदारांच्या टाळ्या अस्पष्ट ऐकू आल्या. आत काळोख झाला, पंखा बंद पडला. भोंग्याबरोबर आतली वीजही तुटते, हे विक्रेत्याने सांगितलं नव्हतं.

आणि सूटकेसच्या ढिगामागून एक माणूस उठून उभा राहिला.

ताई किंचाळल्या. भोंग्यात ते बाहेर कुणाला ऐकू आलं नाही, पण त्यांचा चेहरा अध्यक्षांना मोबाइलच्या उजेडात दिसला. त्यांनी उजेड त्या माणसाकडे वळवला. काळा शर्ट, कपाळावर घाम, छातीशी घट्ट धरलेली पिशवी.

"कोण तुम्ही?" अध्यक्ष ओरडले.

"गिऱ्हाईक! बॅग बघत होतो! हे बंद का केलंत?"

अध्यक्षांनी शटर बडवलं. बाहेर आणखी टाळ्या पडल्या. त्यांनी सचिवांना फोन लावला. फटीतून त्यांना सचिव स्पष्ट दिसत होते. सचिवांनी फोनकडे पाहिलं, कौतुकाने हसले, आणि फोन खिशात ठेवला.

"थांबा, मी ठाण्यात फोन करते," म्हणत मॅडमनी पर्समध्ये हात घातला. मग पर्स उलटी केली. मग त्यांचा आवाज चिरकला. "माझा फोन कुठाय?"

तिघांनी एकदमच काळ्या शर्टाकडे पाहिलं. तो एक पाऊल मागे सरकला. ते त्याच्या अंगाशी आलं.

"पिशवी दाखवा," अध्यक्ष म्हणाले.

"नाही दाखवणार. खाजगी आहे."

"म्हणजे फोन तिथेच आहे!"

ताई भिंतीला चिकटून थरथरत होत्या. ते पाहून अध्यक्षांच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. त्यांनी त्या माणसाचं मनगट पकडलं, पिशवी हिसकावली, आत हात खुपसला आणि किंचाळले. बोटातून रक्त आलं होतं.

"हत्यार! याच्याकडे हत्यार आहे!"

मॅडमनी पटकन एक ट्रॉली बॅग ढालीसारखी पुढे धरली. पिशवी खाली पडली आणि त्यातून बाहेर आल्या दोन विणकामाच्या सुया, लोकरीचा गुंडा आणि बाळाचा अर्धा स्वेटर.

भोंगाही नेमका तेव्हाच दमून थांबला.

"मुलीला दिवस गेलेत," तो माणूस खालमानेने म्हणाला. "यूट्यूबवर बघून शिकतोय. घरी कळलं तर हसतील, म्हणून बरोबर घेऊन फिरतो. झालं समाधान?"

शेवटी ताई पुढे आल्या. त्यांनी डाव्या हाताने स्वेटर उचलला आणि उजेडात धरला.

"बगलेत टाके सुटलेत, दादा," त्या म्हणाल्या. आवाज अजून कापत होता. "एवढी ओळ उसवावी लागेल. नाहीतर बाळाचा हातच जाणार नाही."

"तरीच! दोनदा उसवला, तरी तिथेच अडतंय."

ती दोघं सूटकेसवर बसली. ताई सांगत होत्या, तो उसवत होता. अध्यक्ष बोट चोखत उभे राहिले. पोलिसांचा पत्ता नव्हता.

इतक्यात बाहेर एका बाईचा आवाज चढला.

"अहो, माझा नवरा आत आहे!"

"प्रात्यक्षिक चालू आहे, वहिनी. पोलिस आल्याशिवाय उघडता येत नाही."

"उघडता, की त्या रिमोटसकट तुम्हाला आत घालू?"

शटर वर गेलं. वहिनींनी नवरा पाहिला, त्याचं लाल झालेलं मनगट पाहिलं आणि हकिगत ऐकून पदर खोचला. "झडती घेतली? याची? घरातलं झुरळ मारत नाही हा माणूस! चला पोलिसांत!"

त्याच वेळी मॅडमचा ड्रायव्हर धावत आला. "मॅडम, फोन गाडीतच राहिला होता तुमचा."

अध्यक्षांना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

पोलिस ठाण्यात सगळी वरात पोचली. हवालदारांनी सावकाश लिहून घेतलं. इसमाला दुकानात कोंडून ठेवणे, बळजबरीने पिशवीची झडती घेणे. आरोपी, व्यापारी संघटनेचे अध्यक्ष. अध्यक्ष बाकावर मान खाली घालून बसले होते. आजवर त्यांच्या नावावर साधा वाहतुकीचा दंडही नव्हता. सासऱ्यांना काय तोंड दाखवायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात घोळत होतं.

मॅडम साक्षीदार म्हणून सही करता करता थांबल्या. "ठिकाण बाजारपेठच ना?" त्यांनी विचारलं.

"हो, मॅडम."

"म्हणजे चालू महिन्यात बाजारात एक गुन्हा नोंदला गेला." त्या पेनाला टोपण लावत म्हणाल्या. "नियमाने आता मला चौकीचा विचार करावाच लागेल."

मग सचिवांनी अध्यक्षांचा हात हातात घेऊन गदागदा हलवला. "अध्यक्ष, अभिनंदन! जमलं! तुम्ही करून दाखवलंत!"

दारातल्या दुकानदारांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. त्या आवाजाने काळ्या शर्टातला माणूस बावरला. तो तसा मऊ स्वभावाचा होता, आणि ठाण्यातल्या चहाने त्याचा राग उतरलाही होता.

"जाऊ द्या हो," तो हवालदारांना म्हणाला. "त्यांना तरी काय माहीत? मी तक्रार मागे घेतो."

"नको!" सचिव ओरडले. "अहो, असं करू नका! तुम्हाला काय त्रास झालाय, विसरलात का?"

"पण हे सज्जन गृहस्थ आहेत. यांचं नाव कशाला खराब करायचं?" तो अध्यक्षांकडे वळला. "तुम्हीच सांगा साहेब. घेतो मागे."

अध्यक्षांचा जीव भांड्यात पडला. तोंडातून 'हो' निघणारच होतं. तेवढ्यात त्यांची नजर बाकाच्या टोकाशी गेली. ताई प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या अध्यक्षांकडे बघत होत्या.

अध्यक्षांनी कॉलरचं बटण सोडलं.

"मागे घेऊ नका," ते म्हणाले आणि हवालदारांच्या टेबलाशी गेले. "आणि साहेब, मी यांचं मनगटही पिरगाळलं होतं. ते लिहायचं राहिलंय."