हिमनगाचा निरोप समारंभ

बुधवारी सकाळी शेजारच्या बर्निसआजी दारात कॅसरोल घेऊन उभ्या राहिल्या, तेव्हा हॅडली कॉलेजचा बास्केटबॉल कोच ऑरिन व्हेल्डहाउस यानं आधी मनातल्या मनात घरातली माणसं मोजली. नॉर्थ हॅडली गावात कॅसरोल उगाच येत नाही. घरात कोणी गेलं, कोणाचं ऑपरेशन झालं किंवा बाळ जन्माला आलं, तरच बटाटे, खिमा आणि चीजचं ते भाजलेलं पातेलं फडक्यात गुंडाळून दारात हजर होतं. ऑरिनच्या घरी सगळे धडधाकट होते आणि त्याची बायको लोइस हिचं वय काही आता पाळणा हलवायचं राहिलं नव्हतं.

"आम्हाला कळतं रे," बर्निसआजी म्हणाल्या. "माणसानं पुढे जायलाच हवं. पातेल्याची घाई नको. सामान बांधायला घेशील तेव्हा दे."

ऑरिन "थँक यू" म्हणाला आणि तिथेच सगळं बिघडलं. त्यानं नुसतं "का हो आजी, काय झालं?" एवढं विचारलं असतं तरी पुढचं रामायण टळलं असतं. पण आयोवातल्या त्या भागात माणसं थेट प्रश्न विचारत नाहीत, विचारलाच तर थेट उत्तर देत नाहीत. पातेलं घेऊन "थँक यू" म्हणणं म्हणजे सही-शिक्क्यानिशी कबुली देणं. आजी डोळे पुसत परत गेल्या आणि त्या घरी पोचायच्या आत अर्ध्या गावाला पक्की बातमी मिळाली की कोच चालले.

बातमी अगदीच खोटी होती असं नाही. आदल्या दिवशी ऑरिन खरोखरच कॅल्डर स्टेट विद्यापीठात कोचच्या जागेसाठी मुलाखतीला जाऊन आला होता. कुठे कॅल्डर स्टेटचं वीस हजार माणसांचं स्टेडियम आणि कुठे हॅडली कॉलेजचा तो जिम, ज्यात सामना रंगला की छपरातून पाणी ठिबकत असलं तरी कोणाच्या लक्षात येत नाही! कॅल्डरच्या एका धनाढ्य भक्तानं त्याच्यासाठी स्वतःचं विमान गावाबाहेर पिकांवर फवारणी करणाऱ्या विमानांच्या धावपट्टीवर पाठवलं होतं. शुक्रवारपर्यंत कळवू, तोवर कुठे बोलू नका, असं त्यांनी बजावलं आणि ऑरिननं तसा शब्द दिला. त्याला वाटलं, मक्याच्या रिकाम्या शेतात उतरलेलं विमान कोण बघतंय!

पण मार्चमध्ये बास्केटबॉलचा मोसम संपला की या मुलखातली माणसं आभाळाकडे डोळे लावून बसतात. कुठल्या विद्यापीठाचं विमान कुठल्या गावी उतरलं यावरून कुठला कोच कुठे पळणार ते ताडतात. गावचा न्हावी मर्ल तर यात डॉक्टर झालेला होता. कोणाच्या डोक्यात अर्धी कात्री फिरली असतानासुद्धा तो मोबाइलवर विमानांचे ठिपके बघत असे. कॅल्डरचा ठिपका नॉर्थ हॅडलीवर येऊन थांबला तेव्हा त्यानं गिऱ्हाईकाला तसंच खुर्चीत सोडलं आणि समोरच्या बेकरीत जाऊन मटकन बसला.

कॅल्डरला ऑरिन हवा होता त्याचं कारण त्याची कीर्ती. यंदा हॅडलीच्या पोरांनी एका बड्या विद्यापीठाला शेवटच्या क्षणी हरवलं होतं आणि ते दृश्य देशभर दिसलं होतं. चेंडू जाळीत पडतो, पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारतात, बायका रडतात, आणि बाकावर ऑरिन व्हेल्डहाउस हाताची घडी घालून समोर बघत बसलेला. चेहऱ्यावर रेषही हलत नाही. टीव्हीवाल्यांनी त्याला "हिमनग" म्हणायला सुरुवात केली. एक समालोचक तर म्हणाला की या माणसाला पुढच्या तीन चाली आधीच दिसत असतात.

खरी गोष्ट फक्त लोइसला ठाऊक होती. सामना अटीतटीचा झाला की ऑरिनची बोबडी वळत असे. त्याला काही म्हणजे काही सुचत नसे. सरावाच्या वेळी तो उत्तम शिकवायचा, पोरांवर जीव टाकायचा, एकेकाचा नेम तासन्‌तास बसून सुधारायचा. पण शेवटची दोन मिनिटं उरली की तो दगड व्हायचा आणि पोरं आपापल्या अकलेनं निभावून न्यायची. जग त्याला धीर म्हणायचं.

गुरुवारपर्यंत स्वयंपाकघरात पातेली ठेवायला जागा उरली नाही. फ्रिजमध्ये हिरव्या जेलीत गाजराचा कीस घातलेली सॅलडं एकावर एक थरथरत होती. घरं विकणारी एक बाई मोजपट्टी घेऊन आली. लोइस तिला म्हणाली की एवढ्यात तसं काही नाही. म्हणजे लवकरच आहे, असं समजून ती बाई बैठकीची खोली मोजून गेली. ऑरिन केस कापायला गेला तर मर्लनं हलक्या हातानं कात्री चालवली आणि सामन्यांविषयी चकार शब्द काढला नाही. उलट, तुमच्यासारखा कोच या गावाला पुन्हा मिळणे नाही, असं त्यानं आरशात बघत सांगितलं. एरवी हाच माणूस ऑरिनच्या मानेवर वस्तरा ठेवून त्याच्या चुका मोजत असे. मेल्यावर माणसाबद्दल असंच बोलतात हे ऑरिनला माहीत होतं, फक्त ते आपल्याला ऐकायला मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं.

तिथून तो कॉलेजात गेला तर त्याच्या खोलीच्या दारावर सहायक कोच क्विन्सी बार्टोच्या नावाची पाटी लागलेली होती. क्रीडा संचालक लोवेल यांनी विमानाची बातमी ऐकून धसका घेतला होता. कोच गेल्यावर खुर्ची रिकामी राहिली तर नव्या पोरांची भरती बोंबलेल, म्हणून त्यांनी बुधवारीच क्विन्सीला गाठून विचारलं. क्विन्सी "बघू या" म्हणाला. लोवेलनी त्याचा अर्थ त्या गावात लावतात तोच लावला, म्हणजे होकार.

ऑरिनची पुस्तकं, चषक आणि बायकोचा फोटो, सगळं पोरांनी खोक्यांत प्रेमानं भरून ठेवलं होतं. क्विन्सी खोक्यांच्या मधोमध उभा होता. त्याचे डोळे तारवटलेले होते.

"कोच, पाटी मी नाही लावली," तो म्हणाला.

"छान दिसतेय," ऑरिन म्हणाला, कारण दुसरं काय म्हणावं ते त्याला सुचलं नाही. अटीतटीच्या प्रसंगी त्याचं असंच व्हायचं. मग आपली खोकी आपणच उचलून तो घरी आला.

शुक्रवारी दुपारी कॅल्डरचा फोन आला. तिथले संचालक फार गोड बोलले. मुलाखत सगळ्यांना आवडली, माणूस म्हणून ऑरिन लाखात एक आहे, पण त्यांनी दुसऱ्या एकाला घ्यायचं ठरवलं होतं. का, ते ऑरिनला विचारावं लागलं नाही. मुलाखतीत त्याला एकानं कौतुकानं प्रश्न केला होता की शेवटच्या दोन मिनिटांत तुमच्या डोक्यात काय चाललेलं असतं? ऑरिननं खरं ते सांगितलं होतं: "कोणाला तरी काहीतरी सुचू दे, अशी प्रार्थना." सगळे खो खो हसले होते. मग तो हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि एकेक जण हसायचा थांबला.

फोन ठेवून ऑरिन वाईट वाटायची वाट बघत बसला. वाईट काही वाटेना. वीस हजार माणसं, टीव्हीचे कॅमेरे, तो धनाढ्य भक्त, सगळं छातीवरून खाली उतरलं आणि मंगळवारपासून पहिल्यांदा त्याला पुरता श्वास घेता आला. "लोइस, सुटलो गं," तो म्हणाला.

लोइसनं त्याला मिठी मारली. मग म्हणाली, "संध्याकाळी सहा वाजता चर्चच्या तळघरात तुझा निरोप समारंभ आहे."

ऑरिन पुन्हा खाली बसला. गाव निरोप द्यायला निघालं होतं, नोकरीवर दुसऱ्याची पाटी लागली होती आणि बोलावणारा "नको" म्हणाला होता. न घर का न घाट का म्हणतात तशी त्याची गत झाली. त्यानं लोवेलना फोन केला.

"पाटीचं बघता येईल, अजून कागद झालेले नाहीत," लोवेल म्हणाले. "पण तू असं कर, ऑरिन. त्यांनी नाही म्हटलं हे सांगूच नकोस. तूच नाही म्हणालास असं सांग. गावासाठी कॅल्डरला लाथ मारलीस म्हण. लोक तुझा पुतळा उभारतील."

विचार वाईट नव्हता. ऑरिननं ते वाक्य आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. लोइस दाराशी उभी राहून ऐकत होती. "तुला खोटं बोलता येत असतं," ती म्हणाली, "तर आज आपण कॅल्डरमध्ये घर बघत असतो."

चर्चच्या तळघरात मुंगीला शिरायला जागा नव्हती. लांब टेबलांवर पातेल्यांच्या रांगा होत्या. क्विन्सीची आई मुलाच्या बढतीसाठी मेम्फिसहून नवी टोपी घालून आली होती आणि पहिल्या रांगेत ताठ बसली होती. भाषणं झाली. मर्लला मध्येच हुंदका आला म्हणून त्याचं भाषण बेकरीवाल्यानं पूर्ण केलं. मग बर्निसआजी आणि त्यांच्या मैत्रिणींनी चौघींत धरून एक गोधडी पुढे आणली. ती जांभळी होती. जांभळा हा कॅल्डरचा रंग. नॉर्थ हॅडलीत तो रंग पडद्यालासुद्धा चालत नसे, आणि त्याच रंगाची चिंधी न् चिंधी या बायकांनी दोन दिवस मान मोडून शिवली होती.

"शिवताना बघवत नव्हतं रे," आजी म्हणाल्या. "पण तिकडे थंडीत तुला ऊब आमचीच हवी."

ऑरिनचे डोळे भरून आले. लोवेल कोपऱ्यातून भुवया उडवत होते, 'लाथ, लाथ' असं ओठांनी सुचवत होते. ऑरिननं गोधडी छातीशी धरली, घसा खाकरला आणि लाथ मारल्याचं ते सुरेख वाक्य त्याच्या डोक्यातून साफ उडालं.

"त्यांनी मला घेतलं नाही," तो म्हणाला.

आता तोंड उघडलंच आहे तर सगळंच सांगून टाकावं म्हणून ऑरिननं मुलाखतीतला प्रश्न सांगितला, आपलं उत्तर सांगितलं. आपण हिमनग वगैरे काही नाही, शेवटच्या दोन मिनिटांत आपली भीतीनं वाचा बसते, चाली तीन काय, एकही दिसत नाही, हेही सांगितलं. इतकी वर्षं तुम्हाला फसवलं, असं म्हणून त्यानं मान खाली घातली.

बर्निसआजींनी आजूबाजूला पाहिलं. मग जिंदगीत पहिल्यांदाच असेल, पण त्या सरळ बोलल्या.

"अरे, टीव्हीवाल्यांना तुझा चेहरा दिसतो. आम्ही तुझ्या बाकाच्या मागे बसतो. आम्हाला तुझे लटलटणारे गुडघे दिसतात. ते बघून तर आम्ही ओरडायला लागतो, तुला धीर यावा म्हणून."

सगळ्या माना हलल्या. इतकी वर्षं ही गोष्ट गावातल्या प्रत्येकाला माहीत होती आणि कोणी बोललं नव्हतं, कारण ते बरं दिसलं नसतं. ऑरिनला हसावं की रडावं कळेना. त्यानं दोन्ही थोडं थोडं केलं.

तेवढ्यात क्विन्सी खुर्ची ढकलून धावत आला आणि त्यानं ऑरिनला गोधडीसकट मिठी मारली. "कोच, देवाची शपथ, ती पाटी आत्ताच्या आत्ता काढतो," तो म्हणाला. बुधवारपासून त्याला झोप नव्हती. पोस्टात, दुकानात, पेट्रोल पंपावर, जो भेटेल तो त्याला कोणाला खेळवायचं ते शिकवत होता. एका दंतवैद्य बाईंनी तर त्याचा दात काढताना शिकवलं होतं, त्याला काही बोलताही येत नव्हतं. त्याची आई म्हणाली की टोपी ती ठेवून घेणार आहे, आणि आलेच आहे तर जेवूनही जाणार आहे. लोवेलनी खुर्चीत अंग टाकलं आणि टायची गाठ सैल केली.

"म्हणजे तुम्ही राहताय?" मर्लनं डोळे पुसत विचारलं.

"तुम्ही ठेवलंत तर."

मर्लनं रुमाल घडी करून खिशात घातला. त्याचा चेहरा बघता बघता पालटला. "मग त्या ऑस्ट्रॅन्डरविरुद्धच्या सामन्याचं बोलू या," तो म्हणाला. "एका गुणानं हरलो आपण. टाइमआउट शिल्लक होता, खेळ थांबवता आला असता. घेतला का नाहीत?"

धरण फुटावं तसं झालं. तीन दिवस दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. बेकरीवाल्याला बचाव पटला नव्हता. कोणाला डावखुरा पोरगा बाकावर बसवल्याचा राग होता. बर्निसआजी म्हणाल्या की ऑक्टोबरपासूनच लक्षण ठीक नव्हतं. मघाशी ज्याच्यासारखा कोच पुन्हा होणार नव्हता, त्याला आता साधा टाइमआउट कळत नव्हता. ऑरिन ऐकत राहिला. त्याच्या अंगावरून आठवडाभराचं ओझं उतरत गेलं.

सगळे दमल्यावर त्यानं मर्लला विचारलं, "तुम्ही असतात तर टाइमआउट घेऊन पोरांना काय सांगितलं असतं?"

थेट प्रश्न होता. मर्लनं छताकडे पाहिलं, हातातल्या काट्याकडे पाहिलं.

"मलाही काही सुचलं नसतं," तो म्हणाला. "पण निदान पोरांना पाणी तरी मिळालं असतं."

"हे मात्र खरं," ऑरिन म्हणाला, आणि बर्निसआजींनी पुढे केलेली ताटली घेऊन मर्लच्या शेजारी जेवायला बसला.