घरचं आणि पाहुणं

आमच्या शेजारच्या आप्पांच्या घरी एक मांजर दहा वर्षं राहत होती आणि आप्पांच्या लेखी ती पाहुणी होती. तिच्यावर कोणी काठी उगारली तर ते म्हणत, "पाहुण्यावर हात टाकतंस?"

जगातल्या सगळ्या गोष्टींचे त्यांनी दोनच वर्ग केले होते, घरचं आणि पाहुणं. फणस घरचा, आंबा पाहुणा. नारळ घरचा, पण शहाळं पाहुणं. कावळासुद्धा घरचा, कारण तो "हक्कानं शिव्या देतो."

रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत सगळे याला हसत. मी मात्र कोल्हापूरला कॉलेजात तर्कशास्त्र शिकू लागलो होतो. आमच्या घरात शिकणारा मी पहिलाच, त्यामुळे शिकलेलं कुठेतरी लावून पाहायची घाई होती. सुट्टीत मी भीत भीत विचारलं, "आप्पा, पाहुणा ओळखायचा कसा? थोडे दिवस राहतो म्हणून?"

"मग मांजर?"

"बाहेरून येतो म्हणून?"

"गाय लांज्याच्या बाजारातून आणली मी. ती घरचीच. बघितलं की समजतं, त्यात इचारायचं काय?"

मग त्यांनी मला पाट दिला आणि चहात गुळाऐवजी साखर घातली. लहानपणी हेच आप्पा "मेल्या, उतर त्या पेरूवरनं" म्हणून ओरडत. आता म्हणाले, "घ्या, शंकरराव." मला जरा वाईट वाटलं, हे कबूल करतो.

त्यांची एकुलती लेक भागी गुहागरकडे दिलेली. तिची आई कधीच वारली होती. भागी माहेरी आली की आप्पा तिला हंडासुद्धा उचलू देत नसत. "बस गो बाय, दोन दिसांची तू."

त्या सुट्टीत ती बोचकं घेऊन आली. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली होती आणि हिला परत पाठवलं होतं. आप्पांनी नेहमीसारखा पाट मांडला. आठ दिवस ती त्या पाटावर बसून होती. तिला जेवण जाईना. बायका विचारत, "किती दिस हायस गो?" ती खाली बघे. परत जायला घर नव्हतं आणि इथे कोणी काम सांगत नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी माझी काकू त्यांच्या अंगणात येऊन तेच विचारू लागली. मी तिच्याबरोबर होतो. आप्पा ओटीवर विडी ओढत होते. ते उठले.

"भागे, ऊन डोक्यावर आलं. गोठा कोण झाडणार? तुझा बापूस?"

काकू चपापली. "अहो आप्पा, बिचारी पोर ती..."

"बिचारी कसली? आळशी हाय. उद्यापास्नं भाकऱ्या पण तूच भाजायच्या, आयकलंस?"

"काय हा माणूस," काकू हळूच मला म्हणाली. भागीच्या लग्नानंतर आप्पा तिच्यावर ओरडलेले मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

भागीनं पदर खोचला आणि ती गोठ्याकडे गेली. आणखी काहीतरी ओरडायला आप्पा तिकडे वळले, त्यांनी तोंड उघडलं आणि ते तसेच उभे राहिले. मग आत जाऊन त्यांनी भागीचा पाट उचलून ठेवला.